पाटील म्हणजे कोणते पाटील ?

“पाटील म्हणजे कोणते पाटील ?” हा प्रश्न ज्यास कोणीं कधीं विचारला नाहीं असा पाटील महाराष्ट्रांत विरळा. बिऱ्हाड शोधावयास गेलेला गृहस्थ, पेढीवर कारकुनीची जागा मागणारा तरुण, परगांवाहून शिकावयास आलेली मुलगी, सोयरिकीच्या बोलण्यास बसलेली मंडळी, ह्या सर्वांपुढें तो केव्हां ना केव्हां उभा राहतोच. विचारणारा पुष्कळदां सुशिक्षित असतो. मोठ्या सौजन्यानें, हंसत हंसत विचारतो. आणि आपण जात विचारीत आहों हें त्याच्या मनांतही आलेलें नसतें, निदान तसें तो दाखवितो. गांवाचें नांव सांगितल्यानें त्याचें समाधान होत नाहीं. मग मूळ आडनांव कोणतें, पाहुणे कोठले, कुलदैवत कोणतें, अशी चौकशी चालते, आणि एकदां हवा तो खण सांपडला म्हणजे त्या खणांत समोरच्या माणसास ठेवून तो निश्चिंत होतो.

इतर आडनांवांच्या बाबतींत इतका खटाटोप पडत नाहीं. कुलकर्णी किंवा कांबळे असें नांव कानीं पडतांच लोक आपलें उत्तर आपणच देऊन मोकळे होतात, मग तें खरें असो वा नसो. पाटील हें मात्र असें आडनांव आहे कीं, त्यावरून जात ताडूं पाहणाराची हटकून फजिती होते. ही फजिती आम्हांस मोठी हितकर वाटते, आणि तिचें कारण वाचकांपुढें मांडावें ह्या हेतूनें आजचा लेख लिहिला आहे.

सर्वांच्या परिचयाचीं कांहीं नांवें घेऊं. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे आणि साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीस बसविणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील हे मराठा, आणि त्यांचें मूळ आडनांव पिसाळ. नव्या मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांचा १९८४ चा लढा लढविणारे दि. बा. पाटील हे आगरी. लातूरचे शिवराज पाटील आणि कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील हे दोघेही लिंगायत. २००७ पासून २०१२ पर्यंत राष्ट्रपतिपदावर असलेल्या प्रतिभाताई पाटील ह्यांचें माहेर खानदेशांतलें. त्याच खानदेशांत लेवा पाटलांचीं गांवेंच्या गांवें आहेत. ठाणें व रायगड जिल्ह्यांच्या किनाऱ्यास कोळ्यांतही पाटील भेटतात, आणि दक्षिण महाराष्ट्रांत मुसलमान पाटलांचीं घरें आढळतात. सरहद्द ओलांडून गुजराथेंत गेलें कीं हाच शब्द पटेल होतो. तेथें सरदार वल्लभभाई पटेल पाटीदार कुळांतले, भडोच बाजूचे पटेल मुसलमान, आणि पारशांतही पटेल आहेतच. १६९२ च्या सुमारास सिद्दीच्या स्वारीपासून कोळ्यांच्या साहाय्यानें मुंबई राखल्याबद्दल रुस्तुम दोराबजी ह्या पारशी गृहस्थास कोळ्यांची पटेलकी मिळाली, असें पारशी इतिहासांत सांगितलेलें आहे. अग्निपूजक मनुष्य मासेमार कोळ्यांचा पटेल झाला आणि त्याचें त्या काळीं कोणास नवल वाटलें नाहीं, ही गोष्ट आजच्या खण शोधणारांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. (१९७५ च्या ‘सामना’ ह्या चित्रपटांतील जबरदस्त गांवपुढारी हिंदुराव धोंडे-पाटील आणि त्याचे दिग्दर्शक पंढरपूरचे डॉ. जब्बार पटेल, शब्द एक, आणि तो पडद्याच्या दोन्ही बाजूंस!)

ह्याचा उलगडा सोपा आहे. पाटील ही जात नव्हे, कुळ नव्हे, गांवही नव्हे. तो एक हुद्दा होता. माळव्यांतील परमार राजांच्या दहाव्या शतकाच्या ताम्रपटांत दानाची आज्ञा ज्यांस उद्देशून दिलेली आहे त्या ग्रामस्थांत ‘पट्टकिल’ हा अधिकारी येतो, आणि पाटील व पटेल हे दोन्ही शब्द त्याच्याशीं जोडले जातात. मुसलमानी अमलांत त्यास मुकद्दम म्हणूं लागले. मराठी कागदांत त्याचेंच मोकदम झालें. सारा वसूल करणें, लावणीस रयत आणणें, तंटे चावडीवर मिटविणें, चोरांचा माग काढणें, परचक्र आलें तर गांवच्या वतीनें बोलणी करणें आणि न जमल्यास गांवच्या वतीनें कैदेंत बसणें, हें त्याचें काम. कामाच्या मोबदल्यांत इनाम जमीन, बलुतेदारांची सेवा आणि मानपान. पोळ्यास पहिला बैल कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, लग्नांत पहिला विडा कोणास, ह्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैरें चाललेलीं आहेत. तीं अगदींच वेडेपणाचीं नव्हतीं, कारण जो मान सोडील त्याचें वतनही उद्यां जाईल अशी त्या काळची समजूत होती.

हें वतन म्हणजे मालमत्ता होती, हा मुद्दा विसरतां कामा नये. पाटीलकी भावांत वांटली जाई, गहाण पडे, विकली जाई. निम्मी पाटीलकी एकाची आणि निम्मी दुसऱ्याची, एकाकडे वडीलपण तर दुसऱ्याकडे धाकटेपण, असे करार जुन्या दप्तरांतून शेंकडों आहेत. दिल्लीच्या बादशहास मुठींत ठेवणारे महादजी शिंदे आपणांस पाटील म्हणवून घेण्यांत भूषण मानीत; लोकही त्यांस पाटीलबाबा म्हणत. त्यांचें आडनांव मात्र शिंदे होतें आणि शेवटपर्यंत शिंदेच राहिलें. रांझें गांवच्या पाटलानें एका स्त्रीवर अत्याचार केला म्हणून शिवाजीमहाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले, हें प्रकरण शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. पण तो मोकदम बाबाजी गुजर होता आणि ती पाटीलकी पुढें त्याच भावकींतील सोनजी गुजरास सांगितली, हा तपशील थोड्यांच्या लक्षांत असतो. पाटील हुद्द्यावरचा, गुजर आडनांवाचा. राजास हुद्दा काढून घेतां येत असे. आडनांव काढून घेण्याचें त्याच्या मनांतही आलें नाहीं, कारण तीं दोन निरनिराळ्या जातीचीं वस्तु होतीं.

मग हुद्द्याचें आडनांव झालें कसें ? जुन्या कागदांत मनुष्याची ओळख ‘अमका बिन तमका, मोकदम, मौजे अमुक’ अशी असे. इंग्रजी अमलांत शाळेचा पट, कोर्टाची कैफियत, पलटणीची नोंद, गिरणीचा हजेरीबुक, ह्या प्रत्येकास तीन ठराविक पदांचें नांव हवें झालें, आणि तिसऱ्या जागीं काय घालावयाचें हें बहुधा लिहिणाऱ्या मास्तरानें किंवा कारकुनानें ठरविलें. बापाकडे चावडीची किल्ली आहे, सबब मुलगा पाटील. त्याच मुलाचा चुलतभाऊ दुसऱ्या शाळेंत गेला आणि तेथें मूळ कुळाचें नांव लागलें. म्हणून आज एका घराण्याच्या दोन शाखा दोन आडनांवांनीं नांदतात आणि एकमेकांशीं कांहीं नातें नसलेलीं शेंकडों घराणीं एकाच आडनांवानें. कांहींनीं मोहिते-पाटील, विखे-पाटील असें जोडनांव धरून दोन्ही राखलीं. पूर्वीच्या निजामी मुलुखांत महसुलाचें काम पाहणारा तो माली पाटील. तो शब्द गुलबर्गा प्रांतांत जसाच्या तसा आडनांव होऊन बसला. आमच्या व्यापारी वाचकांस हें घरचेंच उदाहरण वाटेल. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार अधिकारी होते, आणि आज त्या नांवांचीं माणसें कोणत्या एका जातीचीं म्हणून सांगतां येत नाहींत.

येथवर सर्व गंमतीचें झालें. परंतु चावडीवर एकटा पाटील नसे. त्याच चावडीच्या पायरीशीं, त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या महार समाजांतील वेसकर आणि तराळ उभे असत. गांवची वेस राखणें, सरकारी टपाल व सारा वाहून नेणें, शिवेच्या तंट्यांत साक्ष देणें, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करणें, हीं कामें त्यांचीं. त्यांचेंही वतनच होतें. पाटलाप्रमाणें तेही वंशपरंपरेचे गांवनोकर. त्यांचींही नांवें हुद्द्यांवरून पडलीं. वेसकर, येसकर, तराळ हीं आडनांवें आजही आहेत. पण एकाच दप्तरांतून निघालेल्या ह्या दोन नांवांची गति पाहा. एक नांव लोक मोटारीच्या मागल्या काचेवर हौसेनें रंगवितात. दुसरें नांव धारण करणारा शहरांत बिऱ्हाड शोधतांना तें उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबतो, आणि कित्येकांनीं तें राजपत्रांत जाहिरात देऊन बदललेंही आहे. ‘पाटलाचें घोडें आणि महाराला भूषण’ ही म्हण आपण विनोदानें वापरतों. ज्याचें घोडें त्याला बसावयास आणि ज्यास बसण्याची मनाई त्याला धरावयास, हा तिच्यांतला व्यवहार कोणी बोलून दाखवीत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याची दुरुस्ती मांडली ती ह्याच व्यवहाराविरुद्ध. अल्प मोबदल्यांत अहोरात्र राबविणारें वतन ही त्यांच्या मतें गुलामगिरी होती, आणि आमच्या मतेंही तिला दुसरें नांव नाहीं. त्यापूर्वीं दहा वर्षें, १९१८ सालीं, कोल्हापुरांत शाहूमहाराजांनीं महार वतनाची ही बेडी तोडण्यास आरंभ केला होता, आणि कुलकर्णी वतनेंही त्याच सालीं काढून घेतलीं होतीं. मुंबई राज्यांत कनिष्ठ वतनें रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें.

स्त्रियांचा प्रकार ह्याहून कमी नाहीं. पाटलीण म्हणून हळदीकुंकवाचा पहिला मान तिला होता खरा. पण वतनाचा वारसा आला कीं मान बाजूस राही. १८८६ च्या दुरुस्ती कायद्यानें मुंबई इलाख्यांत असें ठरविलें कीं, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा वगळल्यास वतनदार कुळांतील कोणतीही स्त्री, आणि स्त्रीच्या द्वारें हक्क सांगणारा कोणीही, त्या कुळांतील प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागें राहील. म्हणजे सख्ख्या मुलीच्या आधीं दूरचा चुलतभाऊ. लेकीनें बापाचें आडनांव लग्नापर्यंत वापरावें, त्याचें वतन मात्र कधींही मागूं नये, ही रीत सरकारनें शिक्का मारून पक्की केली. हिंदु स्त्रियांच्या वारसाहक्काची ही कोंडी १९५६ च्या व २००५ च्या कायद्यांनीं पुष्कळ सोडविली. नांवाची रीत मात्र लोकांच्या हातीं होती आणि लोकांनीं ती फारशी हलविली नाहीं. लग्नानंतर स्त्रीनें आडनांव बदललेंच पाहिजे असा कोणताही कायदा ह्या देशांत नाहीं. प्रतिभाताईंनीं माहेरचें पाटील नांव राखलें आणि पति शेखावत असतां त्याच नांवानें राष्ट्रपतिभवनांत गेल्या. राज्य बुडालें नाहीं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत, स्वतःच्या नांवानंतर आधीं आईचें, मग बापाचें, मग आडनांव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनें सरकारी कागदांपुरता घालून दिला हें योग्यच झालें. तीन पदांचीं चार झालीं. चौथें पद मात्र अजून बापाकडूनच येतें.

आतां हुद्द्याचें काय झालें तें पाहूं. १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत महसुली पाटलाचें पदच रद्द झालें आणि महसुलाचें काम पगारी सरकारी नोकरांकडे गेलें. शिल्लक राहिला तो पोलीस पाटील. त्याची नेमणूक १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालीं प्रांताधिकारी करतात. जागा निघते, अर्ज येतात, लेखी परीक्षा व तोंडी मुलाखत होते, वंशपरंपरेचा तेथें संबंध नाहीं. कोणत्याही जातीच्या पुरुषास व स्त्रीस ती मिळूं शकते आणि अनेक गांवीं स्त्रिया हें काम करीत आहेत. ज्या गांवांत शेंकडा पन्नास उंबरे पाटलांचे आहेत तेथें पोलीस पाटील तराळ आडनांवाच्या बाई असूं शकतात. अशा गांवीं “पाटील कोण ?” ह्या प्रश्नाचें कायदेशीर उत्तर एकच आहे, आणि तें त्या पन्नास उंबऱ्यांपैकीं कोणाच्याही दाराशीं नाहीं.

हुद्दा गेला, इनाम गेलें, बलुतें गेलें. तरी नांवाची ऐट वाढतच आहे. ज्यांच्या घरांत चार पिढ्यांत कोणीं चावडी पाहिली नाहीं ते निवडणुकीच्या फलकावर नांवापुढें कंसांत पाटील जोडतात. ह्यांत आम्हांस मौज वाटते, राग येत नाहीं. नांव जोडावयास कोणास मनाई नाहीं. ज्यास आवडेल त्यानें जोडावें, आणि आज ज्यांस तें जोडण्याची हिंमत होत नाहीं त्यांनींही खुशाल जोडावें. नांव जितक्या अधिक जातींत पसरेल तितकें तें जात सांगण्यास निरुपयोगी होईल. आमची तक्रार ऐटीविषयीं नाहीं, चौकशीविषयीं आहे.

कोणी म्हणेल, मग आडनांवेंच टाकून द्यावीं. मूळच तोडलें म्हणजे झालें. तसे प्रयोग कांहीं थोर मंडळींनीं केले आहेत आणि त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु अनुभव असा कीं आडनांव नसलेल्या माणसास लोक अधिकच खोदून विचारतात. ज्यास जाणून घ्यावयाचेंच आहे तो आडनांवावर अडत नाहीं. तो बोलीवरून ताडतो, जेवणावरून ताडतो, भिंतीवरच्या तसबिरीवरून ताडतो. दुसरा कोणी म्हणेल, सोयरिकीस विचारलें तर काय बिघडलें ? सोयरिकीचा कलह आम्ही आज काढीत नाहीं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि त्या बाबतींत आमचें मत वाचकांस ठाऊक आहेच. तिसरा म्हणेल, सरकारच जातीचा दाखला मागतें, मग आम्हीं विचारलें तर दोष कोणता ? ह्यास उत्तर असें कीं सरकार दाखला मागतें तें पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेलें थोडेंबहुत परत देण्यासाठीं. घरमालक विचारतो तो खोली नाकारण्यासाठीं. दोन्हींत एकच प्रश्न दिसला तरी दोन्हींचा व्यवहार उलट आहे, आणि जमाखर्च ठेवणाऱ्या वाचकांस देणें आणि घेणें ह्यांतला भेद आम्हीं सांगावा असें नाहीं.

प्रश्न विचारणाऱ्याचें नुकसान किती होतें हेंही पाहण्यासारखें आहे. पाटील म्हटल्यावर जमीनजुमला असेल म्हणून उधारी देणारा दुकानदार नावापायीं फसतो, कारण त्या नांवाचे कित्येक लोक दुसऱ्याच्या शेतावर किंवा गिरणीकारखान्यांत राबून पोट भरतात. येसकर म्हटल्यावर उधारी आंखडणारा तितकाच फसतो. रोख वेळेवर देणारें चांगलें गिऱ्हाईक तो शेजारच्या दुकानास घालवितो. आडनांवावरून पत ठरविणें हें गोणीवरचा शिक्का पाहून आंतल्या धान्याचा भाव करण्यासारखें आहे, आणि तसा भाव करणारास पेठेंत कोणी शहाणा म्हणत नाहीं.

म्हणून आमची सूचना व्यापारी मंडळींस आहे, सरकारास नाहीं. दुकानांत, पेढीवर, कारखान्यांत जागा भरावयाची झाली म्हणजे अर्ज मागवितांना उमेदवाराचें स्वतःचें नांव, शिक्षण, पूर्वींचें काम आणि पत्ता एवढेंच मागवावें. आडनांवाची जागा कोरी ठेवावी. मुलाखत घेणारानें तें विचारूं नये. निवड झाल्यावर पगारपत्रक, बँकेचें खातें व इतर कागद ह्यांसाठीं तें लागेल तेव्हां लिहून घ्यावें. बिऱ्हाड देणारांनींही भाडें, अनामत आणि भाडेकऱ्याचा रोजगार ह्यांपलीकडे चौकशी नेऊं नये. पोलिसांकडे द्यावयाच्या कागदांत पूर्ण नांव येतेंच, तें करार ठरल्यानंतर घेतां येतें. ह्या रीतीस एक पैसाही खर्च नाहीं आणि कोणाची परवानगीही लागत नाहीं. नव्या वह्यांची पूजा दिवाळींत होते; पेठेंतील दहापांच मोठ्या दुकानांनीं येत्या वहीपूजनापासून ती सुरू करावी आणि वर्ष सरल्यावर कोणती माणसें मिळालीं व कामाचा अनुभव काय आला, तें आम्हांस लिहून कळवावें. येईल तो अनुभव, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्ही ह्याच जागीं छापूं.